जनाबाईची जागा

शिंगाळी माशाचा काटा जनाबाईच्या हाताला नवा नव्हता. चाळीस वर्षांत तो दहा वेळा तरी लागला असेल, आणि दर वेळी तिने हळद दाबून, दोन शिव्या घालून पुढची मासळी कापायला घेतली होती. या वेळी मात्र तो अंगठ्याच्या बुडाशी खोल गेला आणि आत मोडला. तीन दिवसांत उजवा हात मनगटापर्यंत सुजून टम्म झाला. डॉक्टरने चीर देऊन काटा काढला, पट्टी बांधली आणि महिनाभर हात पाण्यात घालायचा नाही असं बजावलं. कोळणीला महिनाभर हात कोरडा ठेव म्हणणारा डॉक्टर नक्कीच शाकाहारी असणार, असं तिचा नवरा दामाजी म्हणाला. कोणी हसलं नाही.

तो सोमवार होता. बुधवारपासून त्यांच्या सुनेचा, दक्षताचा, शाळेतला पाठ सुरू व्हायचा होता.

घर डोंबिवलीलगतच्या कोपरला, खाडीच्या अंगाला. ओटीवर जाळी, मागे चूल, आणि पुढच्या खोलीत मुलाने, रत्नदीपने, हप्त्यांनी घेतलेला फ्रिज, ज्यात बर्फच जास्त असे. रत्नदीप मानपाड्याच्या एका कारखान्यात पाळीने जायचा. दक्षता लग्न होऊन आली तेव्हा बी.ए. झालेली होती. मानपाड्याच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात एक वेगळीच शाळा चालायची, तिथे लहान मुलांना सांभाळायला ती लागली. त्या शाळेत पहिली-दुसरीला पाठ्यपुस्तक नव्हतं. मुलं गोष्ट ऐकायची, तिचं चित्र काढायची, पाढे टाळ्या वाजवत आणि चालत म्हणायची, लोकर विणायची, पीठ मळायची. तिथलीच शिक्षिका व्हायचं तर दोन वर्षांचं शिक्षण होतं, दर शनिवारी-रविवारी. दक्षताने ते धरलं.

घरात त्या दोन वर्षांत पुष्कळ करमणूक झाली. सून ओल्या कागदावर नुसता पिवळा रंग सोडते आणि त्याच्याकडे बघत बसते, हे जनाबाईने आळीभर सांगितलं. ओटीवर तिनाचा पाढा चालत म्हणणाऱ्या सुनेला वाट देत दामाजी जाळं उचलून भिंतीला सरकायचा. पण चेष्टा करतानाही त्यांनी तिच्या शनिवार-रविवारी तिला कधी पाण्याचा हंडा उचलायला लावला नाही, हेही खरं.

विणकामात तिची पहिल्याच महिन्यात फजिती झालेली. बासरी ठेवायला लोकरीची पिशवी विणायची होती. सगळ्यांच्या पिशव्या झाल्या, दक्षताची मात्र फळीसारखी ताठ झाली. विणकाम शिकवणाऱ्या देवयानीबाई साठीच्या, डोंबिवलीतच वाढलेल्या, तोलून मापून बोलणाऱ्या. त्यांनी ती पिशवी उसवायला धागा ओढला, तर धागा हलेना. दक्षताने प्रत्येक टाक्याला गाठ मारली होती. ती गाठ दामाजीने शिकवलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी ओटीवर शेजारी बसवून त्याने तिला जाळं विणायला शिकवलं होतं, आणि पोरीची गाठ सरकत नाही म्हणून कौतुकही केलं होतं.

"दक्षता, हे उसवणारच नाही," देवयानीबाई म्हणाल्या.

"उसवलं तर मासा जाईल ना, बाई."

देवयानीबाई चष्मा काढून हसल्या होत्या. मग त्यांनी नवा गुंडा दिला आणि सांगितलं, इथे मासा धरायचा नाही. मुलाचा टाका चुकणार, म्हणूनच त्याच्या हातात लोकर द्यायची. चुकलं की उसवायचं आणि रडारड न करता पुन्हा घालायचं, एवढंच त्यातून शिकायचं. दक्षताला सैल टाका घालायला चार महिने लागले.

आता शेवटची अट राहिली होती. दुसरीच्या वर्गाला शाळेचे सलग पंधरा दिवस रोज सकाळचा मोठा पाठ द्यायचा. एकच विषय, एकच शिक्षक, आणि मध्ये एकही खाडा नाही. आज ऐकलेलं मुलं घेऊन झोपतात, उद्या तिथूनच धागा उचलायचा असतो, म्हणून त्यांच्यात हा नियम फार कडक. एक दिवस चुकला की पाठ रद्द, पुन्हा संधी पुढच्या वर्षी. आणि दिवाळीनंतर दुसरीलाच शिक्षिका हवी होती. दक्षताने विषय निवडला होता खाडी.

पण जनाबाईची बाजारातली जागाही तितकीच कडक होती. डोंबिवली पश्चिमेला रस्त्याच्या कडेने कोळणी बसायच्या. जनाबाईची जागा कोपऱ्यावरची, तिच्या सासूच्या हातची. चार दिवस जागा रिकामी दिसली की बाजूची पाटी सरकायची, आठव्या दिवशी तिथे दुसरीच कोणी असायची, आणि त्यात कोणाचं वाईट मनात नसायचं. घरातलं कोणीतरी रोज तिथे बसायलाच हवं होतं.

सोमवारी दुपारी त्याचाच खल चालला. रत्नदीप म्हणाला, मी रजा टाकतो आणि बसतो. जनाबाईने विचारलं, लुगडं नेसून बसशील का. मासळी बाप्यांनी मारायची, बायांनी विकायची. त्यांच्या आळीत बाजारात बसलेला पुरुष कोणी पाहिलाच नव्हता. दामाजी उठून ओटीवर गेला आणि फाटकं नसलेलं जाळं तपासत बसला.

"मीच बसते," दक्षता म्हणाली. "पाठ पुढच्या वर्षी देता येईल."

जनाबाईने पट्टीचा हात मांडीवर घेतला. तिचा आवाज एरवी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जायचा, तो आता चुलीपलीकडे गेला नाही.

"मना दुसरीतना काढली आन डोक्यावं पाटी दिली. माझी दुसरी आर्धीच रायली. तुझी मी आर्धी रावाला देनार नाय."

मग तिने फोन फिरवून कळव्याच्या भाचीला, कल्पिताला, बोलावून घेतलं. ती पंधरा-वीस दिवस बसेल असं ठरलं, आणि दक्षताच्या छातीवरचं ओझं उतरलं.

पहिल्या दिवशी तिने मुलांना गोल उभं केलं आणि पाणी चालायला शिकवलं. सहा पावलं पुढे, पाच मागे. पुन्हा सहा पुढे. असं करत करत बावीस मुलं वर्गाच्या भिंतीला टेकली, तेव्हा भरती आली. मग तसंच मागे सरकत ओहोटी. त्यानंतर फळ्यावर तिने रंगीत खडूंनी खाडी काढली. ती काढायला आदल्या दिवशी संध्याकाळी दोन तास लागले होते आणि मान धरली होती. मुलं त्या निळ्या-करड्या पाण्याकडे बघून गप्प झाली. शेवटच्या रांगेत देवयानीबाई वही घेऊन बसल्या होत्या.

त्यांची एक शिकवण दक्षताने दोन वर्षांत शंभर वेळा ऐकली होती. मुलाच्या चित्रावर बोट ठेवायचं नाही. हे असं नसतं, म्हणायचं नाही. मूल काहीतरी पाहून आलेलं असतं. त्याला म्हणायचं, आणखी सांग.

दिवस चालू लागले, शनिवार-रविवारी दक्षताचे स्वतःचे वर्गही होतेच. निवट्या मासळ्या चिखलावर कशा उड्या मारतात ते मुलांनी मारून पाहिलं. चिंबोरी आडवी का चालते त्याची गोष्ट दक्षताने रिक्षात रचली आणि वर्गात सांगितली. चंद्र रोज वहीत काढून घेतला आणि पाणी त्याच्या मागे कसं येतं ते बोटांवर मोजलं. दुपारी अडीच-तीनला ती घरी यायची तेव्हा तिच्या बोटांना खडू असायचा आणि घसा बसलेला असायचा. जनाबाई डाव्या हाताने तिला जेवण वाढायची आणि विचारायची, आज काय केलंस. दक्षता सगळं सांगायची. चिंबोरीची गोष्ट जनाबाईने दोनदा सांगायला लावली.

घरात काही गोष्टी जरा वेगळ्या चालल्या होत्या, पण पाठाच्या नादात दक्षताला त्यांचा मेळ लागला नाही. दामाजी दुपारी ओटीवर आडवा व्हायचा आणि गुडघे चोळायचा. त्याच्या अंगठ्याला जनाबाईच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी होती. पन्नास वर्षं दोर ओढलेल्या माणसाचा अंगठा आता कसा कापला, असं तिने विचारलं, तर दोर नवा होता म्हणाला. एकदा त्याच्या कानाच्या पाळीला खवला चिकटलेला दिसला. तिने तो नखाने काढला आणि दोघं हसली. एकदा ती घरात शिरताना तो जनाबाईला विचारत होता, ती छत्रीवाली बाय रोज साफ करूनच मागतं क, आणि दक्षता दिसताच त्याने विषय पाण्यावर नेला. आणि सगळ्यात नवलाची म्हणजे जनाबाईची वेणी. हात पट्टीत, बाजार बंद, आणि केसांत रोज ताजी अबोली. दक्षताला वाटलं, आजारपणात माणसाला हौस येते.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, चित्राचा दिवस होता. खाडी आणि खाडीवर जगणारी माणसं, ज्याला जे हवं ते. मुलांनी मेणाचे रंग घेतले आणि वर्गात फक्त घासण्याचा आवाज राहिला. दक्षता बाकांमधून फिरत होती. प्राप्ती नावाची एक मुलगी होती, दोन वेण्यांची, फार न बोलणारी. तिने बाजार काढला होता. एका रांगेत सात कोळणी, प्रत्येकीपुढे पाटी, पाटीत मासे. कोपऱ्यावर आठवं माणूस होतं, उकिडवं बसलेलं. त्याला लेंगा-सदरा होता आणि डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला हिरवा टॉवेल.

दक्षताचं बोट त्या चित्रावर कधी गेलं ते तिला कळलं नाही.

"अगं, बाजारात पुरुष बसत नाहीत. इथे पण बाई काढ."

ती कोळीवाड्यात जन्मली, कोळीवाड्यात नांदली. हे वाक्य तिच्या तोंडून शिक्षिका म्हणून नाही, त्या आळीची सून म्हणून आलं. मागच्या रांगेत देवयानीबाईंनी वहीतून मान वर केली. प्राप्तीने चित्र हाताने झाकून घेतलं.

"बसतात. मी रविवारी बघितलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "आई त्यांच्याकडूनच मासे घेते, बोयटं. ते ओरडत नाहीत. त्यांच्या अंगठ्याला लाल फडकं आहे, आणि बाजूच्या आज्या त्यांना गजरा देतात आणि हसतात."

दक्षता तिथेच बाकाशेजारी खाली बसली. अंगठा, कानावरचा खवला, गुडघे, अबोली. सगळं एका दमात जुळलं. डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत, कारण बावीस मुलांपुढे काही लपत नाही हेही ती आता शिकली होती. प्राप्तीचा हात तिने अलगद बाजूला केला.

"माझं चुकलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "प्राप्तीने पाहिलंय, मी पाहिलं नव्हतं. आणखी सांग, प्राप्ती."

प्राप्तीने आणखी सांगितलं. ते आजोबा सुट्टे पैसे मोजताना ओठ हलवतात. मासा कापायच्या आधी त्याच्याकडे थोडा वेळ बघतात.

पाठ संपल्यावर देवयानीबाई जवळ आल्या. दक्षताने स्वतःच म्हटलं, मी बोट ठेवलं. देवयानीबाई म्हणाल्या, ठेवलंस, आणि लगेच उसवलंसही, दोन्ही मी लिहिलंय. मग त्यांनी तिचा चेहरा पाहून आणखी काही विचारलं नाही आणि उरलेले तास स्वतः सांभाळायचं कबूल करून तिला जायला सांगितलं.

गुरुवारचा बाजार मंदा. अर्ध्या डोंबिवलीचा तो वार. दक्षता पोचली तेव्हा अर्ध्या कोळणी उठल्या होत्या आणि दामाजी कोपऱ्यावर बसला होता. होडीत बसतात तसा उकिडवा, जनाबाईचा पाट शेजारी तसाच ठेवलेला. टॉवेल कपाळापर्यंत ओढलेला. समोर अर्धी पाटी बोयटं, त्यावर ओलं फडकं. तो ओरडत नव्हता. रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे तो नुसता बघायचा आणि माणूस थांबला नाही की मान खाली घालायचा. एका बाईने भाव पाडून मागितला, त्याने वाद न घालता देऊन टाकलं. बाजूची म्हातारी म्हणाली, दामूबाय, अशानं तुमच्या जनाबायचं दुकान बुडवाल, आणि दोघीतिघी खिदळल्या. दामाजीने टॉवेल आणखी पुढे ओढला.

वादळात होडी उलटल्यावर तीन तास पाण्यात राहिलेला हा माणूस. दक्षताला रस्ता ओलांडवेना.

ती समोर उभी राहिली तेव्हा त्याला आधी तिची चप्पल दिसली. त्याने वर पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखा हसला.

मग थोडं थोडं कळलं. कल्पिता दोनच दिवस आली होती. तिसऱ्या दिवशी तिला घराजवळ काम लागलं आणि तिलाही ते सोडून चालणार नव्हतं. होडी चुलतभावाला, पंढरीला, दिली. जनाबाई डाव्या हाताने बसायला निघाली होती, तिला त्यानेच अडवलं, जखम चिघळली तर हातच जाईल म्हणून. दक्षताला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं, कारण सांगितलं असतं तर ती पाठ टाकून आली असती. पहिल्या दिवशी बायांनी चेष्टेने त्याच्या पाटीवर अबोलीची वेणी ठेवली. त्याने ती कागदात बांधून घरी नेली. मग त्या रोज ठेवू लागल्या, आणि तो रोज नेऊ लागला.

दक्षता जनाबाईच्या पाटावर बसली. म्हणाली, उद्यापासून मी बसते, बास झालं आता. दामाजीने फडकं उचलून बोयटांवर पाणी शिंपडलं.

"कती दीस रायलं?"

"तीन."

"मंग कशाला सोरतंस? जालं आर्धं इनून कोनी टाकतं क?"

"लोक हसतात तुम्हाला, बाबा."

"हसतान. पयल्या दिशी मना वाटला, आथा जमीन फाटावी. आथा सवं झाली." त्याने फडकं परत पाटीवर पसरलं. "पन तुना कोनी सांगला?"

तिने प्राप्तीचं चित्र सांगितलं. सात कोळणी, कोपऱ्यावरचा तो, अंगठ्याचं लाल फडकं. तो मन लावून ऐकत राहिला. आपलं कोणी चित्र काढलं आहे ही गोष्ट त्याच्या आयुष्यात आली नव्हती.

"त्यान माझा तोंड दिसतं क?"

"नाही. टॉवेल आहे ना."

बाजूची म्हातारी पाटी आवरता आवरता थांबली होती. दामाजीने टॉवेल डोक्यावरून काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला. डोक्याचे पांढरे केस घामाने चिकटले होते. ऊन डोळ्यांवर आलं तरी त्याने तो परत बांधला नाही.

राहिलेली बोयटं दक्षताने विकली. लग्न होऊन आली तेव्हा बाजारात तिच्या तोंडून हाक फुटत नसे, जनाबाई त्यावरून तिला छेडायची. आज तिने मुलांना गोलात बोलवायचा आवाज लावला. तो आवाज ओरडत नाही, पण ऐकणारा थांबतो. तीन गिऱ्हाइकं थांबली. दामाजीने मासे साफ केले, प्रत्येकाकडे आधी थोडा वेळ बघून.

ती शुक्रवारी वर्गावर गेली. सोमवारीही गेली. सोमवारी प्राप्तीने नवा कागद मागितला. रविवारी ती आईबरोबर बाजारात गेली होती आणि चित्र चुकलंय असं तिचं म्हणणं होतं. आजोबा आता टॉवेल खांद्यावर ठेवतात. तिने सगळा बाजार पुन्हा काढला, सातही कोळणींसह. केसांशी येऊन ती अडली, कारण डब्यात पांढरा रंग नव्हता. दक्षता बाजूला उभी राहिली आणि काही सुचवलं नाही. बराच विचार करून प्राप्तीने भोवतीचं सगळं आभाळ निळं रंगवलं आणि केसांची जागा कोरीच सोडली.

मंगळवारी पंधरावा दिवस झाला. मुलं शेवटची भरती चालली. देवयानीबाईंनी सही केली, आणि दिवाळीनंतर दुसरीला कोण येणार हे प्राचार्यांना आपण आजच सांगणार असल्याचं म्हणाल्या. प्राप्तीने ते चित्र दक्षताला देऊन टाकलं. जुनं तिने स्वतःला ठेवलं.

घरी दामाजी नुकताच बाजारातून आला होता, आता न लपवता. जनाबाई चुलीपाशी होती. दक्षताने सही झाल्याचं सांगितलं, तेव्हा जनाबाईने डाव्या हाताने तिच्या तोंडात गूळ घातला. मग दक्षताने चित्र ओटीवर उलगडलं.

दामाजी आधी वाकून, मग बसून बघत राहिला. चित्रातल्या तोंडाशी बोट नेलं, पण कागदाला लावलं नाही. मासे थोडे मोठे काढलेत म्हणाला. डोळे बरे काढलेत म्हणाला. मग त्याला चित्रात काहीतरी दिसलं आणि त्याने जनाबाईला हाक मारली. उकिडव्या बसलेल्या माणसाच्या शेजारी प्राप्तीने एक रिकामा पाट काढला होता.

"बग," तो म्हणाला, "तुझी जागा."

जनाबाई पट्टीचा हात पोटाशी धरून ओटीवर आली. तिला अक्षर फारसं लागत नव्हतं, पण चित्र वाचायला अक्षर लागत नाही. तिने सात कोळणी एकेक करून ओळखल्या, नावानिशी. मग ती त्या पाटापाशी थांबली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

"दुसरीतल्या पोरीन काढलान?" तिने विचारलं.

"हो, आई. दुसरीतल्या."

जनाबाईने केसांतली अबोलीची वेणी काढली, कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या वरच्या कडेवर ठेवली, आणि खाली बसून पुन्हा पहिल्या कोळणीपासून बघायला सुरुवात केली.